किट वाटून झालं, आता पुढं काय? (कळंब, भूम, केज भाग)

मांजराकाठ · १२ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातला. बारा वर्षं पुण्यात नोकरी केली, दोन वर्षांपासून गावी राहून घरूनच काम करतो. सप्टेंबरच्या शेवटी मांजरा नदीचं पाणी शिवारात शिरलं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच आहे. आमची दीड एकर सोयाबीन पाण्यात गेली, पण घर उंचावर असल्यामुळं वाचलं. ज्यांचं घर नदीकडं होतं त्यांची धान्याची कोठी, पोरांची दप्तरं, कागदपत्रं, सगळं भिजलं.

आम्ही आठ मित्रांनी पैसे जमवून किट वाटलं. तेल, तूरडाळ, साखर, चहापत्ती, साबण. दोन दिवसांत १४० घरं झाली. त्यातल्या एका घरी एक वहिनी होत्या, मालक याच वर्षी गेले, पदरात दोन लेकरं. त्यांनी किट घेतलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "दादा, सोमवारी तहसीलला येता का माझ्यासंगट? तीनदा जाऊन आले. कुणी नीट बोलंना."

मी "येतो" म्हणालो. आणि गेलो नाही. त्या सकाळी कंपनीचं काम निघालं, मी फोनसुद्धा केला नाही. आज आठवडा झाला, ते डोक्यातून जात नाही.

माझ्याकडं रविवार आहे, आठवड्यातली एखादी सकाळ काढता येते, मोटारसायकल आहे, लिहिता-वाचता येतं. या भागात कुटुंबांना खरा उपयोग होईल असं काय करता येईल? किट सोडून. जाणत्यांनी सांगावं.

---

भूमचा पोरगा · १२ ऑक्टोबर, रात्री १०.०५

आमच्याकडं पण हेच. सीना नदीच्या पुरानंतर रोज गाड्या यायल्यात, एकाच वाडीत तीन-तीनदा किट, पलीकडच्या वस्तीवर एकदाही नाही. रस्त्याच्या कडेला जे गाव त्यालाच सगळं. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

---

दगडी वाडा · १३ ऑक्टोबर, सकाळी ६.२०

बाबा, मी औसा तालुक्यातला, वय ६८. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मी पाहिलेली आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर जी मदत आली ती डोळ्यांनी बघितली. जगभरातून माणसं धावून आली, त्यांचे उपकार कधी विसरणार नाही. पण कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पावसात कुजलेलेही मी बघितले. नऊवारी नेसणाऱ्या आमच्या म्हाताऱ्यांना कुठल्या कुठल्या शहरातले झगे आले होते. पाठवणाऱ्याचं मन चांगलंच होतं, त्यानं विचारलं नव्हतं एवढंच.

महिन्याभरात गर्दी ओसरली. त्यानंतर जे थांबले त्यांनीच गावं उभी केली. भारतीय जैन संघटनेनं १२०० लेकरं पुण्याला नेली आणि शिकवली, ते काम काही एका दिवसाचं नव्हतं. घरांच्या दुरुस्तीच्या कार्यक्रमात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या बायांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. पुढाऱ्यासमोर पदर सावरून गप्प बसणाऱ्या बाया इंजिनिअरला विचारायला लागल्या की पट्टी इथं का नाही टाकली. बाहेरून आलेल्या माणसानं माझं घर बांधून दिलं असतं तर मी आभार मानले असते. पण आमच्या चुलतीला लिंटेल, म्हणजे दार-खिडकीवरची पट्टी, काय असते ते कळलं, तिनं अख्ख्या गल्लीचं काम तपासलं.

आणि एक जुनी गोष्ट. आमच्याकडं इर्जिक होती. ज्याच्या घरचा कर्ता गेला, बैल मेला किंवा माणूस आजारी पडला, त्याच्या रानात अख्खं गाव औतं घेऊन उतरायचं. एका दिवसात पाळी, पेरणी उरकायची. पैसा कुणी घेत नव्हतं. त्या घरानं फक्त जेवण घालायचं. ते जेवण फार मोलाचं. त्यामुळं ते घर कुणाच्या उपकाराखाली राहत नव्हतं. आज रब्बीच्या तोंडावर ट्रॅक्टरवाल्यांनी हे केलं तर कितीतरी घरं सावरतील.

---

बालाघाटची लेक · १३ ऑक्टोबर, दुपारी १.१५

मांजराकाठ दादा, मी अकरा वर्षं एकल महिलांसोबत काम करते, बीड आणि धाराशिव दोन्हीकडं. त्या वहिनींनी तुम्हाला जे मागितलं, तेच आमच्याकडं सगळ्यात जास्त मागितलं जातं. सोबत. पैसा दुसऱ्या नंबरला.

मालक कशानं गेले ते तुम्ही लिहिलं नाही, ते चांगलं केलं. इथं लिहूही नका. पण वेगवेगळ्या शक्यता धरून सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग होईल.

शेतकरी आत्महत्या असेल तर शासनाची मदत १ लाखाची. त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार पोस्टाच्या मासिक योजनेत, म्हणजे व्याज दरमहा बाईच्या हातात येतं. प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्हाधिकाऱ्यांची समिती ठरवते. नापिकी, बँकेचं किंवा सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज, वसुलीचा तगादा, हे कागदावर दिसावं लागतं. आता हातउसने घेतलेले, मेहुण्याकडून घेतलेले, कृषी दुकानदाराच्या वहीतले पैसे कागदावर कुठं असतात? म्हणून कितीतरी प्रकरणं अपात्र होतात.

आणि इथंच लोक चुकतात. अपात्र शिक्का बसला की घरातले समजतात सगळी दारं बंद झाली. तसं नाही. बाकीच्या योजना मरणाचं कारण विचारत नाहीत:

– बाल संगोपन योजना. आई किंवा वडील नसलेल्या लेकरासाठी १८ वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, आदेश बाल कल्याण समितीचा.
– संजय गांधी निराधार. विधवा बाईला दरमहा १,५००. वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. अर्ज तहसीलला.
– राष्ट्रीय कुटुंब लाभ. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला तर एकरकमी २० हजार.

मी तुम्हाला खात्रीनं सांगते, यातली पहिली योजना खेड्यातल्या दहातल्या आठ बायांनी ऐकलेली नसते. अंगणवाडीत, शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना एवढंच विचारा, "वडील नसलेली लेकरं किती?" बोनाफाईड दाखलाही तेच देणार आहेत. यादी तिथंच तयार होते.

त्याआधी मात्र सगळ्यात महत्त्वाचं, सातबारा. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडं वारसाची वर्दी द्यायची असते. दिरानं दिली तर कधी कधी त्यात वहिनीचं नावच नसतं. लेकरांची नावं लागतात, 'अज्ञान पालक' (वयात न आलेल्या लेकरांचे पालक) म्हणून आजोबा लागतात आणि बाई आपल्याच रानात मजुरासारखी राबते. तुम्ही गेलात की पहिल्यांदा ऑनलाइन सातबारा आणि फेरफार काढून बघा. भांडायला जाऊ नका, घरच्या वडीलधाऱ्यांसमोर बसून शांतपणे वाचून दाखवा. निम्म्या वेळा तेवढ्यानं काम होतं. उरलेल्या निम्म्या वेळा वकील लागतो, तालुका विधी सेवा समितीकडून महिलांना वकील मोफत मिळतो.

तुम्ही त्या वहिनींकडं परत जा. आधी चुकलं म्हणून सांगा. मग तारीख द्या आणि त्या तारखेला काहीही झालं तरी हजर राहा. आमच्या बायांना 'येतो' म्हणणारी माणसं ढीगभर भेटतात.

---

सरळ बोलतो · १३ ऑक्टोबर, सायंकाळी ७.५०

ताईंच्या कामाबद्दल आदर आहे. पण मला हे पटत नाही. तहसीलचं काम करायला पगारी माणसं आहेत. लोकसेवा हक्क कायदा २०१५ साली आला, त्यात प्रत्येक दाखल्याला मुदत आहे, मुदत चुकली तर अपील आहे. आपण प्रत्येक बाईमागं एक सुशिक्षित माणूस उभा करायला लागलो तर कार्यालयाला सवय लागते, सोबत कुणी असल्याशिवाय ऐकायचंच नाही अशी. आणि आज मोफत फिरणारा उद्या दोनशे घेणार, परवा दोन हजार. दलाल असेच तयार झाले.

---

बालाघाटची लेक · १३ ऑक्टोबर, रात्री ८.३०

भाऊ, दलालाची भीती रास्त आहे, मी ती रोज बघते. म्हणून आमचे तीन नियम आहेत. पैशाला हात लावायचा नाही, झेरॉक्सचे दहा रुपयेसुद्धा बाईच्याच हातानं. मूळ कागद आपल्या घरी ठेवायचे नाहीत, एक रात्रही नाही. आणि खिडकीवर बोलायचं बाईनं, आपण मागं उभं राहायचं. अर्जाची पोहोच तिच्या पिशवीत. पहिल्या खेपेला तिचा आवाज फुटत नाही. तिसऱ्या खेपेला ती विचारते, "त्रुटी काय हाय ते लिहून द्या."

अपिलाचं तुम्ही म्हणता ते खरंय. पण अपील करायला दिवसाची मजुरी बुडते. २५० रुपयांची खुरपणी सोडून, ४० रुपये एसटीला घालून ती येते आणि 'साहेब मीटिंगला गेलेत' ऐकून जाते. हे चार वेळा झालं की कायदा कितीही चांगला असो, ती पाचव्यांदा येत नाही. तुम्हाला कायदा माहीत आहे. तुम्ही महिन्यातून एक दिवस तहसीलसमोर बसलात तर किती जणींचं भलं होईल याचा विचार करा, मनापासून म्हणते.

---

पाटी आणि कोयता · १४ ऑक्टोबर, रात्री १०.१०

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, बीड जिल्ह्यात, सगळी वाडी ऊसतोडीची. दिवाळी झाली की ट्रक आणि ट्रॅक्टर लागतात, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, अन् घरंच्या घरं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. ती गुढीपाडव्याच्या मागं-पुढं परततात. यंदा पुरात कापूस आणि सोयाबीन गेल्यामुळं जी घरं दोन-तीन वर्षं जात नव्हती तीही निघाल्यात.

मागं राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह असतं. गावातच आजी-आजोबांकडं राहायचं, जेवण शाळेच्या समितीमार्फत. जेवणाची सोय होते. संध्याकाळी सहा ते नऊ मात्र कुणीच नसतं. आजीला दिसत नाही, दहा वर्षांची पोरगी धाकट्याला सांभाळती. मला त्या तीन तासांसाठी माणूस पाहिजे. शिकवायलाच पाहिजे असं नाही. जवळ बसावं, अभ्यास करून घ्यावा, गोष्ट सांगावी, फोनवरून आई-बापाशी बोलणं करून द्यावं. आमच्या गावचा बारावी झालेला एक पोरगा गेल्या साली हे करत होता. त्या वर्षी दिवाळी ते पाडवा एकही लेकरू मधूनच उसाच्या फडावर गेलं नाही.

जी लेकरं आई-बापासोबत जातात त्यांच्याकडं शिक्षण हमी पत्रक असलं पाहिजे, म्हणजे तिकडच्या शाळेत बसवून घेतात. ते शाळेनं द्यायचं असतं, पण टोळी रात्रीतून निघते आणि राहून जातं. गावातल्या कुणी दिवाळीच्या आठवड्यात दारोदार फिरून 'पत्रक घेतलं का' एवढं विचारलं तरी फार झालं. रेशनचंही तसंच. आधारवर तिकडंही धान्य उचलता येतं, हे कितीतरी टोळ्यांना कुणी सांगितलेलं नाही.

---

रात्रपाळी · १५ ऑक्टोबर, पहाटे ४.३५

परिचारिका आहे, अंबाजोगाई भागात. दोनच गोष्टी लिहिते, ड्युटीवर आहे.

एक. ऊसतोडीच्या बायांना पोटात दुखलं, अंगावरून गेलं की 'पिशवी (गर्भाशय) काढून टाका' सांगणारे भेटतात. २०१९ च्या शासकीय समितीसमोर आलेला आकडा मी कधी विसरणार नाही: बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. बाई एकटी असते, कागद वाचता येत नाही, हंगाम बुडायची भीती असते. अशा वेळी शेजारचं कुणी 'थांब, आधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला विचारू' म्हणून सोबत आलं तर पुढचं सगळं बदलतं. हे काम बाईनंच करावं. तुमच्या आई, वहिनी, बहीण यांना सांगा.

दोन. ज्या घरात पीक गेलंय आणि माणूस बोलायचा थांबलाय, जेवण सुटलंय, झोप नाही, तिथं भाषण देऊ नका. जवळ बसा. "लै जड झालंय का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं कुणी वाईट पाऊल उचलत नाही, उलट मन मोकळं होतं. फवारणीचं औषध घरात असेल तर घरच्यांना सांगून बाहेर, कुलपात ठेवायला लावा. त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर आहे, मोफत, दिवसरात्र, मराठीत बोलतात. १०४ वरही सल्ला मिळतो. नंबर नुसता देऊ नका, आपल्याच फोनवरून लावून द्या.

---

पुण्यातला परभणीकर · १६ ऑक्टोबर, दुपारी १२.२०

मी गावाकडं येऊ शकत नाही, वर्षातून दोनदा येणं होतं. आमच्यासारख्यांनी काय करावं? लेकीचा वाढदिवस एखाद्या अनाथाश्रमात करावा असं घरात चाललंय.

---

पाटी आणि कोयता · १६ ऑक्टोबर, रात्री ९.००

परभणीकर भाऊ, राग मानू नका. केक घेऊन वाढदिवसाला जाऊ नका. लेकरं टाळ्या वाजवतात, फोटो होतात, गाडी निघून जाते, अन् रात्री एखादं विचारतं, माझा वाढदिवस कधी. शिवाय बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा लेकरांची ओळख जाहीर करायलाच मनाई आहे. फोटो टाकणं म्हणजे गुन्हाच.

त्यापेक्षा वर्षभर ठरावीक रक्कम द्या. आपल्याकडं मुरलेली माणसं आहेत. शिरूर कासारच्या आर्वीचं शांतिवन ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी, बीडजवळ पालीला इन्फंट इंडिया आणि औसा तालुक्यात हासेगावला सेवालय, दोन्ही एचआयव्हीसह जगणाऱ्या लेकरांसाठी. अंबाजोगाईचं मानवलोक १९८२ पासून आहे, दुष्काळापासून एकल बायांपर्यंत सगळ्यात. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यातल्या बायांना शिकवून 'भारतवैद्य', म्हणजे गावच्या आरोग्यसेविका, केलं. आधी फोन करून विचारा, काय कमी आहे. कधी वह्या नको असतात, विजेचं बिल भरायचं असतं.

आणि लांबून होणारं एक काम सांगतो. दहावी-बारावीच्या एका पोराला किंवा पोरीला आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, फोन. फॉर्म कुठला भरायचा, शिष्यवृत्तीची तारीख काय, वसतिगृह कुठं. आमच्या लेकरांना हे सांगणारं घरात कुणी नसतं.

---

मांजराकाठ · ३० ऑक्टोबर, रात्री ११.००

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा वाचलं. गेल्या सोमवारी वहिनींकडं गेलो. आधी चुकलं म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "कामात असताल." एवढंच. त्याहून जास्त लागलं.

सातबारा काढला. ताई म्हणाल्या तसंच निघालं, लेकरांची नावं होती, वहिनींचं नव्हतं. सासऱ्यांसमोर बसून वाचलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं, थोरल्या मुलानं वर्दी दिली होती. म्हातारबा बराच वेळ कागदाकडं बघत राहिले, मग म्हणाले, "तिचं नाव आधी पाहिजे होतं." दुसऱ्या दिवशी तेच आमच्यासोबत तलाठ्याकडं आले.

निराधारचा अर्ज दिला, पोहोच वहिनींच्या पिशवीत आहे. बाल संगोपनसाठी पुढच्या आठवड्यात धाराशिवला जायचंय. घरासमोर आई-लेकरांचा फोटो लागतो. थोरल्या मुलानं फोटोसाठी शाळेचा गणवेश घातला.

दगडी वाडा काका, तुमची इर्जिक आमच्या मित्रांना वाचून दाखवली. चार ट्रॅक्टरवाले तयार झालेत, डिझेल आपापलं. वाफसा आला की ठरवतो.

---

दगडी वाडा · ३१ ऑक्टोबर, सकाळी ६.०५

जेवण त्यांच्याच हातचं घ्या. "नको, कशाला त्रास" म्हणू नका.

---

मांजराकाठ · २३ नोव्हेंबर, रात्री ९.१५

काल झालं. वहिनींची एक एकर आणि शेजारच्या वस्तीवरच्या आणखी दोन घरांची साडेतीन एकर. गाळ बसला होता, रोटर दोनदा फिरवावा लागला. हरभरा पेरला. वहिनी आणि त्यांच्या सासूबाईंनी पहाटेपासून पिठलं, भाकरी, ठेचा केला होता, आम्ही अकरा जण होतो. काकांचं ऐकलं, पोटभर जेवलो. म्हातारबांनी स्वतः पंगतीत फिरून वाढलं.

एक घर मात्र आमचं चुकलं. तिथल्या आजी दारात उभ्या होत्या आणि त्यांना विचारायलाच कुणी गेलं नव्हतं, कारण त्यांचं रान दुसऱ्या बाजूला. येत्या रविवारी जातोय.

बाल संगोपनचं प्रकरण समितीसमोर आहे. अजून पैसे नाहीत. निराधारमध्ये उत्पन्नाच्या दाखल्यावर त्रुटी काढली, ती वहिनींनी स्वतः लिहून घेतली आणि मला वाचून दाखवली.

एक काम आहे. १ डिसेंबरला, सोमवारी, कळंब तहसीलला दोन बाया जाणार आहेत, दोघींची पहिलीच खेप. मला त्या दिवशी कंपनीतून सुट्टी नाही, आणि यावेळी मी 'येतो' म्हणून चुकवणार नाही, म्हणून आधीच विचारतो. कुणी जाऊ शकतं का?

---

भूमचा पोरगा · २३ नोव्हेंबर, रात्री ९.४०

मी जातो. सोमवारी माझं कॉलेज दुपारी आहे. कुठं थांबू?

---

मांजराकाठ · २३ नोव्हेंबर, रात्री ९.४२

बसस्थानकासमोर, साडेदहाला. त्या दोघी एसटीनं येतील. खिडकीवर त्यांनाच बोलू दे.